वाटाड्याला निरोप कधी द्यावा?

परमार्थाच्या मार्गात वाटाड्या लागतो, ही गोष्ट आपल्या संप्रदायात कोणाला पटवून द्यावी लागत नाही. माळ आपण कोणाच्या तरी हातून घालतो, दिंडीत विणेकऱ्याच्या धोरणाने चालतो, पुढच्याने चाल धरली की मागून ती उचलतो. तेव्हा वाटाड्या हवा की नको, हा वाद आम्ही येथे घालीत नाही. आमच्यापुढे प्रश्न आहे तो त्याच्या पुढचा. वाटाड्या घेतला, काही मजल त्याच्या मागे चाललो, वाट जरा ओळखीची वाटू लागली. आता त्याला निरोप कधी द्यावा?

वरवर पाहता प्रश्न लहान दिसतो. पण विचार करू जाता असे आढळते की, साधकाचे जे नुकसान होते ते बहुधा आरंभी होत नाही, मध्यावर होते. आरंभी माणूस भ्यालेला असतो, चारचौघांना विचारून पाऊल टाकतो. दहा-बारा वाऱ्या पदरी पडल्या, हरिपाठ मुखोद्गत झाला, की मनात एक आवाज उठतो, "आता आम्हांला कोणी काय सांगायचं? वाट तर पाठ झाली." त्यातून आजकाल हवे ते कीर्तन घरबसल्या फोनवर ऐकायला मिळते. मग फडावर जा, वडिलांपुढे बसा, चुकले तर चारचौघांत बोलून घ्या, हा खटाटोप हवा कशाला? असा विचार करणारे लोक वाईट नसतात. पुष्कळदा तेच अधिक उत्साही, अधिक पाठांतर असलेले असतात. म्हणूनच या प्रश्नाचा विचार नीट झाला पाहिजे.

त्यासाठी आम्ही वाचकांस आज फार दूर नेणार आहोत. कॅनडा देशाच्या अगदी उत्तरेला एक रस्ता आहे. त्या रस्त्याला जे नाव मिळाले आहे, त्याची कथा नेमकी याच प्रश्नाची कथा आहे.

यूकॉन प्रदेशात डॉसन नावाचे गाव आहे. तेथून पूर्वेला सुमारे ४० किलोमीटरवर मुख्य रस्त्याला एक फाटा फुटतो आणि तो उत्तरेकडे निघतो. हाच डेम्प्स्टर महामार्ग. इनुविक गावापर्यंत त्याची लांबी सुमारे ७३६ किलोमीटर आहे. २०१७ साली तेथून पुढे सुमारे १३८ किलोमीटरचा आणखी एक रस्ता खुला झाला, त्यामुळे आता मोटार थेट उत्तर महासागराच्या काठी टक्टोयाक्टक गावापर्यंत जाते. महामार्ग म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे गुळगुळीत डांबरी रस्ता येतो. हा तसा नव्हे, बरे का. हा जवळजवळ सगळा खडीचा आणि मुरमाचा. पाऊस पडला की चिखलाने निसरडा होतो, ऊन पडले की धुरळ्याने पुढचे दिसत नाही. काही ठिकाणच्या दगडाच्या कपऱ्या इतक्या धारदार की चाके फाटतात. म्हणून जाणता माणूस एकाऐवजी दोन जादा चाके बरोबर घेतो. फाटा सोडल्यावर पहिला पेट्रोलचा पंप ३६९ किलोमीटरवर, ईगल प्लेन्स नावाच्या मुक्कामावर. मधे गाव नाही, दुकान नाही, आणि बहुतेक अंतरात फोनही लागत नाही. त्या मुक्कामापुढे थोड्या अंतरावर आर्क्टिक वृत्ताची रेषा ओलांडावी लागते. तिच्या पलीकडे उन्हाळ्यात सूर्य मावळेनासा होतो, हिवाळ्यात उगवेनासा होतो. इनुविक गावात तर उन्हाळ्याचे पन्नासहून अधिक दिवस रात्र अशी होतच नाही, आणि हिवाळ्यात सुमारे महिनाभर सूर्याचे दर्शन होत नाही.

वाटेत दोन मोठ्या नद्या आहेत, पील आणि मॅकेन्झी. दोहोंवर या रस्त्याला पूल नाही. उन्हाळ्यात मोटारी तरीवर चढवून पार नेतात. हिवाळ्यात नदी गोठून दगड झाली की तिच्या पाठीवरूनच गाड्या जातात. पण बर्फ धरू लागते तेव्हा आणि बर्फ फुटू लागते तेव्हा तरही चालत नाही आणि बर्फही भार सोसत नाही. त्या दिवसांत काय करायचे? थांबायचे. दुसरा उपाय नाही. कोणी कितीही मोठा असो, त्याच्या घाईसाठी नदी लवकर गोठत नाही.

अशा रस्त्याने जो एकटा गाडी हाकीत जातो त्याला वाटते, आपण केवढे स्वावलंबी! मैलोगणती मनुष्य दिसत नाही, सारे काही आपल्या हिमतीवर. पण जरा शोध घेतला तर काय दिसते? चाकाखाली जी खडी आहे ती कोणीतरी यंत्राने वरचेवर सारखी करीत असतो, नाही तर एका हंगामात रस्ता खड्ड्यांनी भरून जाईल. तरीवर नावाडी आहे. पंपावर तेल पोहोचवणारा ट्रकवाला आहे; समोरून येताना तुमच्या काचेवर दगड उडू नयेत म्हणून समजुतीचा ट्रकवाला वेग कमी करतो. वाटेत गाडी बंद पडलेली दिसली की मागून येणारा थांबून विचारतो, कारण उद्या त्याच्यावरही तीच पाळी येणार असते. थोडक्यात, त्या ओसाड रस्त्यावर एकटा दिसणारा माणूस शंभर हातांनी धरलेला असतो. ते हात त्याला दिसत नाहीत, एवढेच.

आता त्या नावाची कथा ऐकावी. हा रस्ता काही अंशी एका जुन्या वाटेच्या मागाने गेला आहे. मोटारी नव्हत्या तेव्हा डॉसन आणि फोर्ट मॅकफर्सन या दोन ठाण्यांमध्ये घोडदळ पोलिसांची गस्त दर हिवाळ्यात कुत्र्यांच्या घसरगाड्या घेऊन जात असे. टपाल न्यायचे, खबर आणायची. वाट सुमारे साडेसातशे किलोमीटरची, सगळी बर्फाची आणि गोठलेल्या ओढ्यांची. २१ डिसेंबर १९१० रोजी इन्स्पेक्टर फिट्झजेराल्ड फोर्ट मॅकफर्सनहून डॉसनकडे निघाला. बरोबर किनी आणि टेलर हे दोन शिपाई, आणि कार्टर नावाचा पूर्वीचा पोलीस, तो वाटाड्या म्हणून. फिट्झजेराल्ड काही नवखा नव्हता. उत्तर महासागरातल्या हर्शेल बेटावर १९०३ साली पोलिसांचे ठाणे बसवणारा तो. शूर आणि काटक. पण या खेपेस आजवर कोणी गेले नसेल इतक्या लवकर पोहोचावे, असे त्याच्या मनाने घेतले होते, असे इतिहासकार सांगतात. ओझे हलके व्हावे म्हणून शिधा कमी घेतला.

आणि कार्टर? तो ती वाट एकदाच चालला होता, तीही चार वर्षांपूर्वी आणि उलट्या दिशेने. अहो, आपल्या गावच्या शिवेवरची पायवाटसुद्धा परतताना अनोळखी वाटते. जाताना डावीकडे असलेला ओढा येताना उजवीकडे येतो, जी टेकडी तोंडासमोर होती ती पाठीला लागते. तेथे तर सगळेच पांढरे. पण कार्टर म्हणाला, "मला वाट ठाऊक आहे," आणि साहेबांनी ते मानले.

वाटेत त्यांना त्या भागातले ग्विचिन लोक भेटले. ग्विचिन म्हणजे तेथले आदिवासी. पिढ्यान्‌पिढ्या कॅरिबू नावाच्या हरणांच्या मागे त्याच डोंगरांतून हिंडणारे. त्यांतल्या एसाऊ जॉर्ज नावाच्या माणसाला फिट्झजेराल्डने काही दिवस वाट दाखवायला ठेवले. त्याने एक अवघड टप्पा पार करून दिला. आणि १९११ साल उजाडले त्याच दिवशी साहेबांनी त्याची मजुरी चुकती करून त्याला परत पाठवले. पुढची वाट कार्टरला ठाऊक होती ना!

पुढे काय झाले ते फिट्झजेराल्डच्या रोजनिशीत आहे. जो ओढा धरून डोंगर ओलांडायचा तो ओढा कार्टरला सापडेना. एकामागून एक ओढे धुंडाळले. पारा शून्याखाली ४५ अंश सेल्सियसच्याही खाली उतरला. जवळजवळ आठवडा शोधात गेला, शिधा संपत आला. १७ जानेवारीला त्याने लिहिले की, कार्टरच्या शब्दावर आपण विसंबायला नको होते. दुसऱ्या दिवशी ते मागे फिरले. पुढे एकेक कुत्रे मारून त्यावर दिवस काढावे लागले. रोजनिशीतली शेवटची नोंद ५ फेब्रुवारीची आहे.

इकडे फेब्रुवारीच्या अखेरीस डॉसनमध्ये काही ग्विचिन मंडळी आली. त्यांत तोच एसाऊ जॉर्ज होता. गस्त अजून पोहोचली नाही हे कळले तेव्हा, आपण त्यांना नवीन वर्षाच्या दिवशी अमुक ठिकाणी सोडले, ही खबर पोलिसांना त्याच्याकडूनच मिळाली. ज्याला वाटेतून परत पाठवले तो डॉसनला सुखरूप पोहोचला, आणि ज्यांनी पाठवले ते पोहोचले नाहीत. मग २८ फेब्रुवारीला कॉर्पोरल डेम्प्स्टर शोधाला निघाला. त्याने बरोबर दोन गोरे सोबती घेतले, आणि चार्ली स्ट्यूअर्ट नावाचा ग्विचिन वाटाड्या घेतला. या वाटाड्याला त्याने मधून परत पाठवले नाही. २१ मार्चला किनी आणि टेलर यांची प्रेते सापडली, फोर्ट मॅकफर्सनपासून सुमारे ५५ किलोमीटरवर. दुसऱ्या दिवशी आणखी पुढे, सुमारे ४० किलोमीटरवर, कार्टर आणि फिट्झजेराल्ड. कार्टर आधी गेला असावा. त्याचे हात छातीवर ठेवून तोंडावर रुमाल पसरलेला होता. फिट्झजेराल्डने जळक्या काडीने कागदाच्या तुकड्यावर आपले सर्व काही आईच्या नावे लिहून ठेवले होते. जवळ आलेले ठाणे, आईची आठवण आणि संपलेले बळ. हे वाचताना कोणाचे मन द्रवणार नाही?

म्हणून आम्ही या माणसांना नावे ठेवायला बसलेलो नाही. मरणाच्या दारात ज्याने सोबत्याच्या तोंडावर रुमाल पसरला, त्याच्या माणुसकीपुढे आमचे मस्तक लवते. पण शिकायचे ते शिकलेच पाहिजे.

पहिली गोष्ट ही की, या गस्तीत वाटाड्या नव्हता असे नाही. दोन होते. एक ज्याने "मला ठाऊक आहे" असे सांगितले, आणि दुसरा ज्याला खरोखर ठाऊक होते. ठेवला पहिला, निरोप दिला दुसऱ्याला. कार्टर लबाड होता काय? मुळीच नाही. त्याने आपलाही जीव त्याच शब्दावर लावला होता. एकदा चाललेल्या वाटेला आपली वाट समजला, एवढाच त्याचा दोष. परमार्थात असे कार्टर पुष्कळ भेटतात, आणि फार करून ते आपल्याच आत भेटतात. एकदा केव्हातरी भजनात डोळे भरून आले, एकदा ग्रंथ वाचताना प्रकाश पडल्यासारखा झाला, की मन म्हणते, वाट ठाऊक झाली. पण तो अनुभव सुखाच्या दिवसांतला, घर भरलेले असतानाचा. दुःखाच्या दिवसांत तीच वाट उलट्या दिशेने चालावी लागते, आणि तेव्हा ओळखीचा एक ओढा सापडत नाही.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे, तरी बोलली पाहिजे. फिट्झजेराल्डने कार्टरला का ठेवले आणि एसाऊला का सोडले? त्याच्या मनात शिरून आम्ही सांगू शकत नाही. पण एवढे दिसते की, कार्टर त्याच्या जातकुळीचा, त्याच्या भाषेचा, कालपरवापर्यंत त्याच्याच गणवेशातला. एसाऊ रानातला, रोजाने घेतलेला. आपल्यातल्याचे अर्धवट ज्ञानही पुरेसे वाटावे, आणि परक्याचे पुरे ज्ञान रोजंदारीपुरते वाटावे, हा मनुष्याच्या मनाचा फार जुना आजार आहे. आणि तो आपल्या घरचाही आहे. आमच्या संतांनी त्याच आजारावर औषध दिले. गोरोबाकाकांची कथा सर्वांस ठाऊक आहे. संतमंडळींत कोणते मडके पक्के आणि कोणते कच्चे, हे पाहायला सांगितले ते कोणाला? एका कुंभाराला. आणि त्याच्या थापटण्याने कच्चे ठरले कोण? नामदेवराय, ज्यांच्याशी पांडुरंग बोलत असे! नामदेवांना वाईट वाटले, पण ते वाट पुसायला विसोबा खेचरांकडे गेले. देव ज्याच्याशी बोलतो त्यालाही वाटाड्या लागला. चांगदेवांएवढ्या योग्याने मुक्ताईसारख्या लहान मुलीपुढे मान लववली. वाट विचारताना वय पाहू नये, जात पाहू नये, गणवेश पाहू नये. पाय त्या वाटेवर मळलेले आहेत की नाहीत, एवढेच पाहावे.

येथे एक शंका निघते. कोणी म्हणेल, मग काय जन्मभर दुसऱ्याच्या मागेच चालायचे? स्वतःची बुद्धी चालवायचीच नाही? आणि वाटाड्याच खोटा निघाला तर? शंका रास्त आहे. आंधळेपणाने कोणाच्याही मागे जावे असे आम्ही म्हणत नाही. फिट्झजेराल्डचा घात कार्टरवर आंधळेपणाने विसंबल्यानेच झाला. तो तरी किती वाटा, केव्हा, कोणत्या बाजूने चालला, एवढे विचारण्यात कमीपणा नव्हता. वाटाड्याची परीक्षा घ्यावी, जरूर घ्यावी. पण ती घाईच्या सोयीने घेऊ नये. आणि डेम्प्स्टरकडे पाहावे. तो त्या मुलुखात वर्षानुवर्षे वावरलेला होता, तरी त्याने वाटाड्या घेतला. म्हणून त्याची बुद्धी गहाण पडली काय? स्ट्यूअर्टने त्याला खांद्यावर घेऊन नेले नाही. पाय त्याचेच चालले, थंडी त्यानेच सोसली, माग त्यानेच काढला. वाटाड्या आपल्याऐवजी चालत नाही. तो फक्त आपल्या "मला ठाऊक आहे" या शब्दाला लगाम घालतो.

मग निरोप केव्हा द्यावा? याचेही उत्तर त्याच मुलुखात आहे. त्या घटनेनंतर पोलिसांनी ती वाट झाडांना खुणा करून आखून काढली, मधेमधे झोपड्या बांधल्या, त्यांत शिधा ठेवला. म्हणजे जे कळले ते मागून येणाऱ्यासाठी वाटेवर मांडून ठेवले. हीच कसोटी आम्हांस योग्य वाटते. आपण केलेल्या खुणांवरून मागचा माणूस सुखरूप जाऊ लागला की समजावे, आपल्याला वाट कळली. तोवर "मला ठाऊक आहे" हा नुसता शब्द. आणि गंमत अशी की, ज्याला खरोखर वाट कळते त्याला निरोप देण्याची घाईच उरत नाही. तो वाटाड्याच्या शेजारी चालतो, पुढे मागे करीत नाही.

ग्विचिन लोकांची एक जुनी रीत येथे सांगण्यासारखी आहे. कॅरिबूंचे प्रचंड कळप ऋतुमानाने त्या डोंगरांतून येतात. मोठ्या कळपात दोन लाखांच्या आसपास जनावरे मोजली गेली आहेत. हे लोक शिकारीवर जगणारे. पण वडीलधारे सांगतात, आघाडीच्या जनावरांना जाऊ द्यावे, त्यांना हात लावू नये. ती गेली की मागचा कळप त्याच वाटेने येतो; ती मारली तर कळप बिचकून वाट सोडतो. शिकार आम्हां माळकऱ्यांना मान्य होणारी नाही, हे सांगायला नको. पण पुढे चालणाऱ्याचे मोल ज्याने ओळखले, त्याच्या शहाणपणाला मान दिलाच पाहिजे. पुढच्यांची वाट बंद केली तर मागचे वाट सोडतात, हे आपल्या फडांनीही ध्यानात घ्यावे.

आणखी एक गोष्ट, मग पुरे करू. हा मोटारीचा रस्ता १९५९ च्या सुमारास बांधू लागले आणि तो १९७९ च्या ऑगस्टमध्ये खुला झाला. इतकी वर्षे लागण्यामागे पैशाची अडचण होती, तशी जमिनीचीही. तेथली जमीन खाली बारमाही गोठलेली असते. वरचे शेवाळ खरवडून सरळ रस्ता करायला गेले की उन्हाने आतले बर्फ वितळते आणि सगळा चिखल होऊन रस्ता खचतो. म्हणून त्यांनी जमीन खोदली नाही. तिच्यावर काही ठिकाणी चार फूट, काही ठिकाणी आठ फूट जाडीचा खडीचा थर घातला. तो थर गाड्यांना उचलून धरतो खरा, पण त्याचे मुख्य काम खालच्या थंडाव्याला झाकून ठेवण्याचे. आपल्या नित्यनेमाचेही तसेच आहे. रोजचा हरिपाठ, एकादशी, वारी, वडिलांपुढे बसणे, हे थर वाट चालण्यासाठी तर आहेतच. त्याहून अधिक, आतली नम्रता वितळू नये म्हणून आहेत. अभिमानाचे ऊन थेट आत लागले की दहा वर्षांची कमाई एका हंगामात खचते.

त्या रस्त्याला नाव मिळाले ते डेम्प्स्टरचे. शोधायला जो गेला त्याचे नाव दिले, हे चांगलेच झाले. पण एसाऊ जॉर्ज आणि चार्ली स्ट्यूअर्ट यांची नावे त्या रस्त्यावर नाहीत. वाटाड्यांचे असेच होते. ज्यांनी आपल्याला अक्षर शिकवले, पहिला अभंग म्हणून घेतला, कोणत्या वळणावर घसरण आहे ते सांगितले, त्यांची नावे कोठे कोरलेली नसतात. ती आपण मनात तरी कोरून ठेवावी. आणि या आषाढीला दिंडीत पाय ठेवण्यापूर्वी एवढे करावे: ज्या वाटाड्याला आपण कधी तरी "आता पुढचं मला ठाऊक आहे" म्हणून परत पाठवले असेल, तो अजून हयात असेल तर त्याच्या पायांवर डोके ठेवून यावे.

रामकृष्ण हरि.